दोराला ताण, पट्ट्याला ढील

तेलाच्या विहिरींचा इतिहास वाचायला घेतला की भेटणारी माणसं ठरलेली असतात. ड्रेक, रॉकफेलर, टेक्सासमधले आभाळात उडालेले काळे फवारे, एका वर्षात लखपती झालेले आणि पुढच्या वर्षी कर्जात बुडालेले लोक. हे सगळं वाचायला भारीच वाटतं, पण माझा जीव अडकलाय तो एका लाकडी चाकात. साधारण दहा फूट व्यासाचं चाक, फळ्या एकावर एक ठोकून बनवलेलं, त्याच्या घेरावरून इंजिनाकडून आलेला रुंद पट्टा पळतोय, आणि त्या एका चाकावर सगळी विहीर चालते. आपटणं त्याच्यावर, उचलणं त्याच्यावर, चिखल काढणंही त्याच्यावरच. बँड व्हील म्हणतात त्याला. मी मेकॅनिकलवाला आहे, कामाची सगळी वर्षं पॉवर ट्रान्समिशनमध्ये गेली, म्हणजे मोटर इकडे, मशीन तिकडे, आणि मधे जे काही असतं ते माझं. बेल्ट, चेन, कपलिंग, गिअरबॉक्स. कारखान्यात कुणी पाहुणे आले की त्यांना मशीन दाखवतात, फार तर मोटर किती हॉर्सपॉवरची ते सांगतात, मधलं कुणी दाखवत नाही, त्याच्यावर गार्ड बसवलेला असतो. म्हणून जिथे मधलंच सगळं उघड्यावर होतं अशा मशीनबद्दल एकदा मन भरून लिहायचं होतं.

आधी प्रश्न काय होता ते बघू. जमिनीत खोल, अरुंद भोक पाडायचंय, खाली दगड आहे. सगळ्यात जुना उपाय म्हणजे जड लोखंडी छिन्नी दोराला बांधून वर उचलायची आणि सोडायची. परत उचलायची, परत सोडायची. पण एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक ठोक्याला छिन्नी थोडी थोडी फिरली पाहिजे, नाहीतर भोक गोल होत नाही. जसजसं भोक खोल जाईल तसतसा दोर थोडा थोडा सोडत राहावा लागतो. आणि दर काही फुटांनंतर सगळं अवजार बाहेर काढून, खाली साठलेला दगडाचा भुगा आणि पाण्याचा राडा लांबट बादलीसारख्या बेलरने उपसून, पुन्हा अवजार खाली सोडायचं. म्हणजे एका ठिकाणी तीन वेगवेगळ्या चाली पाहिजेत, बारीक वरखाली, लांब उचल आणि झटपट उपसा, आणि ताकद देणारा असतो एकच.

इंजिन यायच्या आधी हा ताकद देणारा माणूस होता. 1806 ते 1808 च्या दरम्यान आजच्या वेस्ट व्हर्जिनियात, कनावा नदीच्या काठी, रफनर बंधूंनी मिठाच्या पाण्यासाठी विहीर पाडली ती स्प्रिंग पोलवर. तेलासाठी नाही हं, मिठासाठी, पण तेलवाल्यांनी पुढे सगळी विद्या या मीठवाल्यांकडूनच उचलली. स्प्रिंग पोल म्हणजे एक लांब, लवचिक झाडाचा सोट. बुंध्याकडचं टोक जमिनीत घट्ट अडकवायचं, मधे कुठेतरी टेकू द्यायचा, आणि शेंड्याकडचं टोक विहिरीच्या तोंडावर हवेत तरंगत ठेवायचं. त्याला दोर, दोराला छिन्नी. शेजारी पाय अडकवायला रिकिबी. दोन माणसांनी पाय घालून खाली लाथ मारायची की सोट वाकतो, छिन्नी खाली आदळते, आणि पाय सैल केला की सोट स्वतःहून सरळ होतो आणि छिन्नी उचलतो. माणसाने फक्त खाली ढकलायचं, उचलायचं काम झाडाचं. ही अक्कल मला फार थोर वाटते. जड वस्तू उचलण्याचा खर्च लाकडाच्या ताणात साठवून ठेवायचा आणि दर ठोक्याला परत घ्यायचा.

चीनमध्ये तर हे त्याच्याही किती तरी आधीपासून चालू होतं. सिचुआनमधल्या झिगाँगला मिठाच्या आणि गॅसच्या विहिरी होत्या, आणि तिथली शेनहाय नावाची विहीर 1835 साली हजार मीटरच्या पलीकडे गेली. हजार मीटर, इंजिनाशिवाय. तिथे माणसं फळीवर उडी मारायची, फळीच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या पट्ट्यांचा दोर आणि त्याला अवजार. उचल काढायची वेळ आली की मोठ्या आडव्या रहाटाला म्हशी-रेडे जुंपायचे आणि गोल फिरवायचे. म्हणजे बारीक चालीला माणूस, लांब चालीला जनावर, अशी सरळ वाटणी. आणि इथेही दोर बांबूचा, तोही ताण खाणारा. हा ताण लक्षात ठेवा, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं या ताणाभोवतीच फिरतं.

मग 1859. पेनसिल्वेनियातलं टायटसव्हिल, ऑइल क्रीक नावाचा ओढा. एडविन ड्रेकने मिठाच्या विहिरींवर काम केलेला लोहार शोधून आणला, विल्यम स्मिथ, ज्याला सगळे अंकल बिली म्हणायचे. ड्रेकचं नाव पुस्तकात आलं पण अवजारं घडवली आणि भोक पाडलं ते अंकल बिलीने आणि त्याच्या मुलाने, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. वरची माती पाण्याने ढासळत होती म्हणून ड्रेकने ओतीव लोखंडाचा पाइप ठोकून ठोकून 32 फुटांवरच्या खडकापर्यंत नेला आणि त्याच्या आतून ड्रिलिंग सुरू केलं. सहा हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन होतं. आज आपल्या शेतातल्या विहिरीवरची मोटर तेवढी असते. दिवसाला साधारण तीन फूट. 27 ऑगस्टला, शनिवारी, 69 फुटांवर अवजार एका फटीत सरकलं, काम थांबवलं, आणि दुसऱ्या दिवशी बिली बघायला गेला तर पाइपमध्ये वर तेल तरंगत होतं. ऑक्टोबरात सगळं जळूनही गेलं, आणि परत उभं केलं. आता तिथे म्युझियम आहे, मूळ जागेवर डेरिक, म्हणजे विहिरीवरचा उंच मनोरा, आणि इंजिनघर पुन्हा बांधलंय. कामानिमित्त मी काही काळ त्या राज्यात होतो तेव्हा तिथे गेलो होतो, आणि बाकीची माणसं डेरिकचा फोटो काढत होती तेव्हा मी इंजिनापासून पट्टा कुठे जातो ते बघत उभा होतो, हे माझ्या बायकोला अजून आठवतं.

ड्रेकनंतरच्या वीस-तीस वर्षांत या सगळ्याचं जे पक्कं रूप तयार झालं त्याला स्टँडर्ड रिग म्हणायचे, आणि खरं प्रेम मला याच्यावर आहे. म्हणून इथे जरा सावकाश जातो.

इंजिन एका टोकाला, छोट्या घरात. एका सिलिंडरचं, उलटसुलट दोन्हीकडे फिरणारं. बॉयलर त्याहून लांब, कारण विहिरीतून गॅस आला आणि त्याला भट्टीची आग दिसली की सगळं संपलं, हे लोकांनी जीव गमावून शिकलेलं होतं. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा येतो बँड व्हीलवर. बँड व्हीलच्या शाफ्टच्या एका टोकाला क्रँक, आणि क्रँकला एक नाही तर ओळीने अनेक भोकं. पिन आतल्या भोकात घातली की चाल छोटी, बाहेरच्या भोकात घातली की मोठी. गिअर बदलण्याची सोय म्हणा, पण एका पिनवर. त्या पिनवर पिटमन नावाचा उभा लाकडी दांडा, आणि त्याच्या डोक्यावर वॉकिंग बीम, म्हणजे पंचवीस-सव्वीस फूट लांबीची जाडजूड तुळई, मधोमध सॅमसन पोस्ट नावाच्या खांबावर टेकलेली. चाक फिरलं की पिटमन वरखाली, पिटमन वरखाली झाला की तुळईचं हे टोक वर तेव्हा ते टोक खाली. ते दुसरं टोक बरोबर विहिरीच्या तोंडावर. गोल फिरण्याचं वरखाली हालण्यात रूपांतर, इतकं उघड आणि इतकं मोठं, की शाळेतल्या पोरालाही एका नजरेत कळावं.

तुळईच्या विहिरीकडच्या टोकाला टेंपर स्क्रू. चार-पाच फूट लांबीचा स्क्रू, ज्याच्या खालच्या चिमट्यात दोर धरलेला. भोक जसं खोल जाईल तसा ड्रिलर हा स्क्रू थोडा थोडा सोडत जातो, आणि स्क्रू संपला की चिमटा सोडून वर धरायचा आणि परत पहिल्यापासून. आता हे झालं आपटण्याचं काम. अवजार बाहेर काढायचं तर पिटमन क्रँकवरून काढून बाजूला करायचा, तुळई गप्प होते, आणि बँड व्हीलला जोडलेल्या खाचेच्या पुलीवरून एक जाड दोर बुल व्हीलवर टाकायचा. बुल व्हील म्हणजे दोर गुंडाळायचं मोठं रीळ, दोन्ही बाजूंना चाकं असलेलं. तेच इंजिन, तोच पट्टा, आता लांब उचल सुरू. दोर सत्तर-ऐंशी फूट उंच डेरिकच्या डोक्यावरच्या पुलीवरून जातो आणि अवजारं बाहेर येतात. खाली सोडताना इंजिन लागत नाही, वजनानेच जातं, फक्त बुल व्हीलच्या ब्रेकवर माणूस पाहिजे.

आणि तिसरं, बेलरचा दोर गुंडाळायचं सँड रील, याला फिरवायला तर ना पट्टा ना दोर. त्याच्या शाफ्टवर एक घर्षणाची पुली असते, आणि लांब लिव्हर ओढला की ती पुली सरळ बँड व्हीलच्या कडेला जाऊन टेकते आणि घासून फिरायला लागते. लिव्हर सोडला की सुटते, उलटा ढकलला की मागच्या ठोकळ्यावर टेकून ब्रेक लागतो. चालू, मोकळं, ब्रेक, तीनही गोष्टी एका लिव्हरमध्ये. मी क्लचच्या डिझाइनवर भरपूर डोकं घासलंय, महागातले न्यूमॅटिक क्लच बसवलेत, आणि तरी ही लिव्हरची सोय पहिल्यांदा समजली तेव्हा मी वही बंद करून जरा वेळ नुसता बसून राहिलो. लाकडाच्या चाकाच्या कडेवर लोखंडी पुली टेकवायची. बस.

इंजिनावर वेगळा माणूस नसायचा. डेरिकखाली उभ्या असलेल्या ड्रिलरच्या हाताशी एक छोटं चाक, त्यावरून एक दोरीचा फेरा थेट इंजिनघरातल्या वाफेच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलेला, त्याला टेलिग्राफ कॉर्ड म्हणायचे. चाक थोडं फिरवलं की तिकडे वाफ कमी किंवा जास्त. पाळीला माणसं दोनच, ड्रिलर आणि टूल ड्रेसर, बारा तासांची पाळी, आणि टूल ड्रेसरने भट्टीत छिन्नी तापवून घणाने परत आकारात आणायची. फिरत्या पुलीवर तो जाड दोर हाताने टाकायचं कामही त्याचंच. हात अडकला तर गेला. तुळईखाली ड्रिलरच्या बाजूला एक खांब मुद्दाम उभा केलेला असायचा, पिटमन तुटला आणि तुळई खाली आली तर ती त्या खांबावर पडावी, माणसावर नाही. सेफ्टी म्हणून तेवढंच. हे लिहिताना मला त्या माणसांच्या हातांचा विचार येतो, कारण कारखान्यात बोटं गेलेली माणसं मी जवळून पाहिलीत.

आता ताणाचं. वरवर बघितलं तर वाटतं की तुळई वर जाते तेव्हा छिन्नी वर जाते, तुळई खाली येते तेव्हा छिन्नी खाली. तसं नसतं. काही शे फुटांचा मनिला दोर, त्याला टनभर लोखंड लटकलेलं, म्हणजे ती एक भली मोठी स्प्रिंग झाली. तुळई वर जायला लागते तेव्हा छिन्नी अजून खालीच चाललेली असू शकते. चांगला ड्रिलर इंजिनाचा वेग असा जुळवतो की तुळईने दोर परत वर ओढायला घेतलेला असतानाच छिन्नी दोराच्या ताणाच्या शेवटच्या टोकाला जाऊन दगडावर बसते, आणि बसल्या बसल्या ताण तिला उचलून घेतो. म्हणजे ठोका जोरात बसतो पण छिन्नी तळाशी रेंगाळत नाही, दोर सैल पडत नाही. दोर जास्त सोडला तर छिन्नी आडवी पडते, भोक वाकडं जातं. कमी सोडला तर ती दगडाला पोचतच नाही, नुसती पाण्यात झुलते. आणि खोली वाढली की दोर लांब होतो, स्प्रिंग मऊ होते, तिची स्वतःची लय संथ होते, म्हणून इंजिनही संथ करावं लागतं. कॉलेजात आम्ही याला नॅचरल फ्रिक्वेन्सी म्हणून फळ्यावर सोडवायचो. ड्रिलर ते दोरावर हात ठेवून सोडवायचा.

हात ठेवणं हे खरंच तसं होतं. ड्रिलर तासन्तास दोराला किंवा टेंपर स्क्रूला हात लावून बसायचा. अवजारांच्या साखळीत जार्स नावाचे दोन एकमेकांत अडकलेले लांब दुवे असायचे. ही युक्तीही कनावाच्या मीठवाल्यांची, विल्यम मॉरिस नावाच्या माणसाने 1830 च्या सुमारास काढलेली. छिन्नी खाली अडकली तर वरचा दुवा आधी मोकळा वर जातो आणि मग खालच्याला हिसका देतो, त्या हिसक्याने ती सुटते. या दुव्यांचा झटका दोरातून वर हातापर्यंत येतो. त्यावरून ड्रिलरला कळायचं की खाली वाळूचा दगड आहे की चिकट शेल, म्हणजे चिखलाचा दगड, छिन्नी मोकळी चालतेय की धरते आहे, दोर सोडायची वेळ झाली की नाही. शेकडो फूट खाली काय चाललंय त्याची बातमी आणणारं दुसरं काहीही नव्हतं, आणि ही बातमी यायची तीही त्याच दोरातून ज्यातून ताकद खाली जायची.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शॉपमध्ये एक वयस्कर फोरमन होते, आम्ही काका म्हणायचो. बेअरिंग जायला लागलंय का हे बघायला ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. नंतर व्हायब्रेशन मीटर आले, ग्राफ आले, ते चांगलेच आहेत, मी स्वतः आग्रहाने आणवले. पण काका मीटर न लावता सांगायचे, "साहेब, हा आठवडाभर चालंल, रविवारी बदलू," आणि त्या वाक्यात त्या मशीनबरोबर घालवलेली त्यांची वर्षं असायची. दोरावर हात ठेवलेल्या ड्रिलरबद्दल वाचलं की मला काका दिसतात.

आता पट्ट्याबद्दल. पट्टा घसरतो, हे सगळ्यांना माहितीये. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत ज्यांचं बालपण गेलंय त्यांना तो आवाज आठवेल, जात्यात जास्त दाणा पडला की पट्टा कचकच करून पुलीवर घसरायचा, गिरणीवाला पटकन दाणा कमी करायचा आणि पट्ट्याला राळ लावायचा. पण तो घसरला नसता तर मोटर जळली असती किंवा शाफ्ट पिळवटला असता. रिगवरही अगदी हेच. छिन्नी खाली अडकली आणि इंजिन ओढतंय, तर पट्टा घसरतो आणि तुळई, पिटमन, क्रँक वाचतात. लाकडी तुळई थोडी वाकते, दोर ताणतो, पट्टा घसरतो, वाफ दाबली जाते. सगळ्या साखळीत एकही गोष्ट ताठ नाही. आमच्या धंद्यात आम्ही आयुष्यभर स्लिप शून्य करायच्या मागे असतो, अलाइनमेंट शंभरावा भाग मिलिमीटरपर्यंत आणतो, बॅकलॅश काढतो. आणि इथे एक अख्खं यंत्र सैलपणावर उभं आहे, त्या सैलपणामुळेच चालतंय, त्यामुळेच तगतंय. मला वाटतं या ड्राइव्हची खरी रचना चाकांमध्ये नाहीच, ती या देण्याघेण्यात आहे, आणि ज्यांनी ती उभी केली ते लोहार आणि सुतार होते, त्यांनी ती कागदावर न मांडता हाताने मांडली.

भारतात हे यंत्र कुठे आलं, तर आसामात. दिग्बोईला आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनीने 1889 साली विहीर खोदायला घेतली, आणि पुढच्या वर्षी ती 662 फुटांवर पुरी झाली. जंगल इतकं दाट की सामान ओढायला हत्ती, आणि विंच फिरवायला वाफेचे बॉयलर. त्या जंगलात, त्या पावसात, ओलं लाकूड जाळून वाफ धरून ठेवणं काय असेल याची कल्पना आसामात एक पावसाळा काढलेल्या माणसालाच येईल. ओला पट्टा किती घसरतो हे मला माहितीये. तिथल्या मजुरांची नावं कुठे फारशी मिळत नाहीत, मिळायला हवी होती असं फार वाटतं.

पेनसिल्वेनियात पुढे वाफ गेली आणि विहिरीतूनच निघणाऱ्या गॅसवर चालणारी इंजिनं आली. काही ठिकाणी तर जुन्या वाफेच्या इंजिनाचा बेड, क्रँक, फ्लायव्हील सगळं तसंच ठेवून फक्त सिलिंडर बदलला, नवा गॅसचा बसवला. काटकसरी लोक. पट्ट्याच्या पलीकडचं काहीच बदलावं लागलं नाही.

मोठा बदल झाला तो रोटरीने. टेक्सासमध्ये ब्यूमाँटजवळ स्पिंडलटॉप, तिथे वाळू इतकी सरकती की आपटून पाडलेलं भोक टिकतच नव्हतं. हॅमिल बंधूंनी तिथे फिरवून भोक पाडणारं यंत्र लावलं, पोकळ पाइपातून पाणी खाली सोडायचं, आणि वाळू धरून ठेवायला त्या पाण्यात माती पाहिजे म्हणून तळ्यात गुरं घालून चिखल करून घेतला. 10 जानेवारी 1901 ला ती विहीर उसळली. दगड आपटून फोडायचा नाही, फिरवून खरवडायचा. मग तुळई गेली, पिटमन गेला, बँड व्हील गेलं. आडवं गोल टेबल आलं, त्याच्या बेव्हल गिअरला फिरवणारी चेन आली, उचलायला ड्रॉवर्क्स आलं. चेन का, तर चिखल-पाण्यात पट्टा टिकत नाही, आणि पाइप फिरवायला लागणारा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, पट्ट्याच्या ताकदीबाहेरचा. हॉवर्ड ह्यूज सीनियरने 1909 साली दोन फिरते शंकू असलेल्या बिटचं, म्हणजे पाइपच्या टोकाला बसणाऱ्या अवजाराचं, पेटंट घेतलं आणि कठीण दगडही रोटरीच्या आवाक्यात आला. मग आपटणारी रिग हळूहळू मागे पडली, एकदम नाही, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कठीण दगडात ती पुढे कित्येक दशकं चालू राहिली.

इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. चेन आली म्हणजे घसरणं गेलं, पण रोटरीवाल्यांनी वाफेचं इंजिन मात्र लवकर सोडलं नाही. कारण वाफेचं इंजिन थांबलेल्या अवस्थेतही पूर्ण जोर लावू शकतं, अडकलेल्या पाइपला दाबून धरून हळूहळू सोडवू शकतं. डिझेलला ते जमत नाही, ते बंद पडतं. डिझेल आणायचं तर मधे काहीतरी मऊ पाहिजे, म्हणून क्लच आले, मग तेलात फिरणारे टॉर्क कन्व्हर्टर आले, नंतर डिझेलवर जनरेटर आणि त्याच्यावर डीसी मोटर. चेनने काढून टाकलेला सैलपणा दुसऱ्या दाराने परत आत घ्यावा लागला. आणि तरी पुरला नाही, कारण काही हजार मीटर लांब पाइप स्वतःच पिळाची स्प्रिंग असतो. वर टेबल फिरतंय पण खाली बिट दगडात अडकून थांबलंय, पाइप पिळला जातोय, पिळला जातोय, आणि मग एकदम सुटून बिट दुपटीच्या वेगाने फिरतं. याला स्टिक-स्लिप म्हणतात, बिटं मोडतात याने. 1990 च्या दशकात यावर उपाय निघाला सॉफ्ट टॉर्कचा. मोटरच्या कंट्रोलमध्ये असा प्रोग्रॅम घालायचा की पाइपमधून पिळाची लाट वर आली की मोटरने ताठ न राहता किंचित वेग सोडायचा, लाट पिऊन टाकायची. ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ती घरात सगळ्यांना समजावून सांगितली. इलेक्ट्रिक मोटरला पट्ट्यासारखं घसरायला शिकवलं होतं!

आपल्या मुंबई हायवर 1974 साली सागर सम्राट या समुद्रातल्या रिगने तेल शोधलं, ते सगळं अर्थात याच रोटरीच्या वंशातलं. आणि मराठवाड्यात, नगरकडे, जिथे काळा पाषाण फोडून पाण्यासाठी बोअर मारतात, तिथे ट्रकवरची रिग कॉम्प्रेसरची हवा पाइपातून खाली सोडते आणि तळाशी असलेला हॅमर त्या हवेवर ठोके देतो. म्हणजे कठीण दगडाला आजही आपटावंच लागतं, फक्त दोराची जागा दाबलेल्या हवेने घेतलीय, आणि हवा तर दोराहून लवचिक.

तेल लागल्यावरची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. विहीर पाडून झाली की पंप चालवावा लागतो, आणि एका विहिरीचं तेल थोडंसंच, प्रत्येकीला स्वतःचं इंजिन परवडत नाही. कॅनडात ओंटारिओमधल्या ऑइल स्प्रिंग्जला जॉन हेन्री फेअरबँक नावाच्या माणसाने 1860 च्या दशकात जर्कर लाइन बसवल्या. एका इंजिनघरातून लाकडी दांडे एकमेकांना जोडत शेतांमधून, झाडांमधून दूरवर नेलेले, वाटेत खांबांवर लोंबत्या हँगरना टांगलेले, आणि हे दांडे फिरत नाहीत, नुसते पुढे-मागे, पुढे-मागे होतात, फूटभर. वळायचं असेल तिथे जमिनीत आडवं चाक, तेही पूर्ण फिरत नाही, अर्धवट इकडे-तिकडे हलतं. विहिरीशी पोचल्यावर काटकोनी दांडा आडवी ओढ उभी करतो आणि पंप चालतो. एका इंजिनावर कित्येक विहिरी.

यातली खरी कमाल तोल सांभाळण्यात आहे. या बाजूच्या विहिरीतला पंपाचा दांडा खाली जातो त्याच वेळी त्या बाजूच्या विहिरीतला वर यावा अशी जोडणी करतात. म्हणजे खाली जाणाऱ्याचं वजन वर येणाऱ्याला उचलतं, आणि इंजिनाला फक्त तेल उचलण्यापुरतं आणि घर्षणापुरतं काम उरतं. म्हणून मग एखादी विहीर बंद करायची तर नुसता दांडा सोडून चालत नाही, तिच्या जागी वजन टांगावं लागतं, नाहीतर सगळी लाइन एकीकडे ओढली जाते. शंभर विहिरी असलेल्या शेताचा तोल डोक्यात ठेवणारी माणसं होती तिथे. मला हे कुठल्याही कॉम्प्युटरच्या शेड्यूलिंगइतकं अवघड वाटतं, आणि त्याहून देखणं. या पेट्रोलिया-ऑइल स्प्रिंग्ज भागातले ड्रिलर पुढे जगभर गेले, पूर्व युरोपातलं गॅलिशिया, बोर्निओ, इराण, आणि आपल्याबरोबर दोराऐवजी ॲश लाकडाच्या दांड्यांची स्वतःची रिग घेऊन गेले.

ऑइल स्प्रिंग्जला फेअरबँक घराण्याच्या शेतात या जर्कर लाइन अजून चालतात, तेल अजून निघतं, फक्त वाफेच्या जागी इलेक्ट्रिक मोटर आहे. टोरांटोकडे आपली बरीच मंडळी आहेत, पाहुणे आले की नायगारा दाखवतात, तर एखाद्या रविवारी पश्चिमेला इकडेही गाडी वळवा. गावात तेलाचं म्युझियम आहे, आणि शेतांतले दांडे रस्त्यावरूनही दिसतात. सोबत मुलं असतील तर त्यांना सांगा, एक दांडा निवडायचा आणि तो कुठून येतो, कुठे वळतो, कुठल्या विहिरीला जाऊन मिळतो, हे कुणालाही न विचारता शोधून काढायचं.